फियाटचं लाइन क्लिअर

माझा आणि आमच्या फियाटचा पहिल्यापासून छत्तीसचा आकडा. ब्याण्णव साली सोमनाथरावांनी ती चांदवडच्या एका डॉक्टरांकडून जुनी घेतली, तेव्हा आमचा रोहित दुसरीत होता आणि मला वॉशिंग मशीन हवं होतं. गाडी दारात आली. वॉशिंग मशीन त्यानंतर सहा वर्षांनी आलं. ती सहा वर्षं मी हाताने कपडे बडवले आणि ह्यांनी दर रविवारी तिला शाम्पू लावून आंघोळ घातली. माझा वाढदिवस ह्यांच्या कधी लक्षात राहिला नाही, पण तिचं ऑइल कोणत्या महिन्यात बदललं ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायचे. मी तिला सवत म्हणायची. ह्यांना ते इतकं आवडायचं की आल्यागेल्याला सांगत सुटायचे.

सोमनाथराव म्हणजे माझे यजमान, वय बहात्तर. मूळचे चांदवडचे. वीज खात्यात लाइनमन म्हणून लागले आणि फोरमन होऊन निवृत्त झाले. रोहित आता पुण्यात, त्याच्या नोकरीत आणि संसारात. इथे गंगापूर रोडला घरात आम्ही दोघंच, आणि पोर्चमध्ये कव्हर घालून ठेवलेली ती. अलीकडे ती फारशी बाहेर निघत नसे. दसऱ्याला हार घालून एक फेरी, आणि मधूनमधून दहा मिनिटं इंजिन चालू करून ठेवायचं, एवढंच तिचं काम उरलं होतं.

दोन वर्षांपूर्वी ह्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, मग जेवलो की नाही ते. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. ते मी घरात उच्चारत नाही. काही सकाळी हे मला ‘अक्का’ म्हणून हाक मारतात. अक्का म्हणजे नवसाबाई, ह्यांची थोरली बहीण, तिला जाऊन अकरा वर्षं झाली. पहिल्यांदा हाक मारली तेव्हा मी न्हाणीघरात जाऊन रडले. आता ‘काय रे सोमा’ म्हणते आणि चहा देते. चहा लागतोच, बहिणीच्या हातचा असो की बायकोच्या.

पण गाडीचं काही विसरले नव्हते. घोटाळा झाला तो तिथेच.

गेल्या कार्तिकात एका सकाळी हे दूध आणायला म्हणून निघाले आणि फियाट घेऊन थेट चांदवडला पोचले. पासष्ट किलोमीटर. तिथे जुन्या क्वार्टर्सच्या जागी दुकानं उभी राहिली आहेत. हे एका चहावाल्याला विचारत होते, इथली माणसं कुठे गेली? चहावाला भला माणूस, त्याने ह्यांच्या खिशात मी ठेवलेल्या नंबराच्या चिठ्ठीवरून मला फोन लावला. त्या वेळी मी नुसती चिडले. दुसऱ्या वेळी मात्र चिडायलाही जमलं नाही. ओझरच्या अलीकडे, महामार्गावर, हे उलट्या बाजूने निघाले होते. समोरून कांद्याचा ट्रक. ट्रकवाल्याचा फोन आल्यावर मी रिक्षाने तिथे पोचले तेव्हा फियाट रस्त्याच्या कडेला होती, हे आत बसून शांतपणे काच पुसत होते, आणि ट्रकवाला खाली मातीत बसला होता. त्याचे हात थरथरत होते. “मावशी,” तो म्हणाला, “काकांना गाडी देऊ नका. आज माझे ब्रेक लागले.”

त्या वाक्याने माझी झोप उडवली. पुढच्या वेळी ब्रेक नाही लागले तर? हे जातील, नाहीतर ह्यांच्या हातून दुसऱ्या कोणाच्या घरातला माणूस जाईल.

रोहित फोनवर म्हणाला, “आई, विकून टाकू या.” आता बघा, तेहेतीस वर्षं मीच म्हणत होते की विका ते धूड. पण ज्या दिवशी हे मला ओळखत नाहीत त्या दिवशीही तिच्या बॉनेटवर हात ठेवून म्हणतात, थंडी वाजती का गं. मी विकू कशी? किल्ली लपवली, डाळीच्या डब्यात. ह्यांनी दोन वायरी एकमेकींना लावून गाडी चालू करून दाखवली. जन्मभर विजेत काम केलेला माणूस, त्याला किल्लीचं काय कौतुक!

शेवटी रोहित म्हणाला, “बॅटरीची वायर काढून ठेव. सोपं असतं. आधी काळी सोडायची, मग लाल. उलटं करू नकोस.”

हे दुपारी झोपले होते. मी दहा नंबरचा पाना घेतला आणि बॉनेट उघडलं. आत पाहते तर दोन्ही वायरी सारख्याच काळ्या. पन्नास वर्षांची गाडी, तिच्या वायरींना कसला रंग उरतोय? मग एका टोकावर मला चांगला लालभडक डाग दिसला. म्हटलं, ही लाल. म्हणजे ती दुसरी आधी. पाना लावला, फिरवला, आणि पान्याचं दुसरं टोक बाजूच्या पत्र्याला टेकलं. फटकन अशी ठिणगी उडाली की मी पाना टाकून तुळशीपर्यंत मागे आले. किंचाळलेही असणार, कारण हे उठून बाहेर आले.

ह्यांनी वाकून पाहिलं. बोटाने तो लाल डाग पुसला, बोट माझ्यासमोर धरलं. कुंकू होतं ते. दसऱ्याला मीच वाहिलेलं. दरवर्षी बॉनेट उघडून बॅटरीला हळदकुंकू लावायचं हा माझाच नेम.

“कुंकू बघून वायर ओळखती व्हय?” हे म्हणाले. चिडले किंवा खूश झाले की ह्यांचं चांदवड बाहेर येतं. “मग हळदीची कोणती गं?”

आणि हसायला लागले. खूप दिवसांनी असे हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग मला जवळ उभं करून समजावलं. जी वायर गाडीच्या बॉडीला गेलीय ती आधी सोडायची. ती सुटली की मग पाना कुठेही टेकू दे, काय होत नाय. टोक कापडात गुंडाळायचं, म्हणजे वाऱ्याने सुद्धा चिकटायला नको. मी का काढत होते हे विचारायचं मात्र विसरले. मी म्हटलं, “बॅटरी पुसत होते.” चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात मी ह्यांच्याशी भांडले पुष्कळ, खोटं बोलल्याचं आठवत नाही. तिथून सुरुवात झाली.

दुसऱ्या दिवशी ह्यांनीच शिकवल्याप्रमाणे मी वायर सोडली. दुपारी हे हात पुसत स्वयंपाकघरात आले. “उज्वला, बॅटरीची वायर सुटली होती. लावली. नशीब माझ्या लक्षात आलं.” चेहरा इतका समाधानी की मी नुसतं “बरं झालं” म्हटलं. तिसऱ्या दिवशी तेच. मी सकाळी काढायची, हे दुपारी जोडायचे. पाना लपवला तर पक्कड वापरली, पक्कड लपवली तर शेजाऱ्यांकडून मागून आणली. असं आमचं तीन आठवडे चाललं. मध्ये एकदा जोडून फाटकापर्यंत गाडी गेली सुद्धा. मी फाटकाला आडवी उभी राहिले तेव्हा थांबले.

मग मी बद्रुद्दीनभाईंना फोन केला. सारडा सर्कलजवळ त्यांचं गॅरेज, तीस वर्षं हीच गाडी बघतात, दोघांची दोस्ती जुनी. त्यांना म्हटलं, बॅटरीच घेऊन जा. हे आंघोळीला गेले असताना ते आले आणि स्कूटरवर पायांपाशी बॅटरी ठेवून घेऊन गेले.

तो दिवस मला पुन्हा नको. ह्यांनी बॉनेट उघडलं, रिकामी जागा पाहिली आणि जागच्या जागी बसले. चोरी झाली म्हणाले. मग गाडीत जाऊन बसले, चोर उरलेलं न्यायला येईल म्हणून. दोन वाजले, जेवायला उठेनात. ताट गाडीत नेलं, तर घास घेईनात. दूधवाल्याला चोर ठरवलं, त्या बिचाऱ्याला नको ते बोलले. चार वाजता पाहिलं तर दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून हे रडत होते. सासूबाई गेल्या तेव्हाही मी ह्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. आणि चोर कोण, तर मी. ओट्यापाशी उभी.

मी पुन्हा फोन लावला आणि बद्रुद्दीनभाई तासाभरात बॅटरी घेऊन परत आले. ह्यांना म्हणाले, “भाऊ, चार्जिंगला नेली होती, सांगायचं राहिलं, माफ करा.” बॅटरी बसवली. हे शांत झाले, आत जाऊन वरणभात खाल्ला आणि झोपले. मी पोर्चच्या पायरीवर बसून बद्रुद्दीनभाईंना चहा दिला.

“भाभी, एक बोलू? वाईट वाटून घेऊ नका,” ते म्हणाले. “तुम्ही चोरून बंद करता. भाऊंनी नोकरी काय केली? लाइन बंद दिसली, कारण सांगणारा कोणी नाही, तर जाऊन चालू करायची. तेच करतात बिचारे. त्यांना काय माहीत तुम्ही बंद केली ते.”

“सांगितलं तर ऐकतील का?”

“ते मला नाही ठाऊक. पण सांगून तर बघा. त्यांच्या खात्यात सांगून बंद करायची काही रीत असेल ना?”

होती. मला ती पाठ होती, कारण लग्न झाल्यापासून शंभर वेळा ऐकली होती. लाइनवर काम करायचं तर आधी सबस्टेशनमधून लेखी लाइन क्लिअर घ्यायचं. म्हणजे अमुक लाइन बंद केली, अमुक माणूस कामावर आहे, असा कागद. तो माणूस खांबावरून उतरून स्वतः कागद परत करत नाही तोपर्यंत ती लाइन कोणीही चालू करायची नाही, मोठा साहेब आला तरी नाही. नामपूरकडे वादळात तारा पडल्या होत्या तेव्हा हे तीन तास खांबावर होते. गावात लग्न होतं. निम्मं वऱ्हाड सबस्टेशनवर चालून गेलं, पाच मिनिटं तरी लाइट द्या म्हणून. आतला ऑपरेटर दाराला कडी लावून बसला आणि खिडकीतून एकच सांगत राहिला, माझा माणूस वर आहे. ही गोष्ट सांगताना ह्यांचा आवाज दरवेळी बसायचा. त्या माणसामुळे मी जिवंत हाय, म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळ बरी होती. मला ‘उज्वला’ म्हणून हाक मारली होती, पेपरही थोडा वाचला होता. मी हात पुसून समोर बसले.

“अहो, मला फियाटवर लाइन क्लिअर पाहिजे.”

ह्यांनी पेपर खाली ठेवला. मान वर झाली, पाठ सरळ झाली. आमचे फोरमनसाहेब खुर्चीत येऊन बसले. उठून कपाटातून जुनी डायरी काढली, पट्टी घेतली, रकाने आखले. माझ्याकडे न बघता विचारायला लागले.

“लाइनीचं नाव?”

“फियाट.”

“काम कोण करणार?”

“मी. उज्वला सोमनाथ गांगुर्डे.”

“कारण?”

उत्तर तयार होतं. सर्व्हिसिंग. गंज. उंदीर. तीन आठवडे मी असली कारणं घडवत होते, त्यात तरबेज झाले होते. पण हे चष्म्यावरून माझ्याकडे बघत होते.

“कारण खरं लिहावं लागतं,” हे म्हणाले. “खोट्या कागदावर माणूस मरतो.”

मग मी सांगितलं. चांदवड सांगितलं, ओझर सांगितलं, ट्रकवाल्याचे हात सांगितले. तुम्ही रस्ता विसरता, असं मी म्हणाले. वायर रोज मीच काढत होते, बॅटरीही मीच दिली होती, तेही सांगितलं. बोलताना मी ह्यांच्याकडे बघू शकले नाही, डायरीच्या रकान्यांकडे बघत होते.

“मी? उलट्या बाजूनं?”

“हो.”

“कोणाला लागलं का?”

“नाही.”

हे पोर्चकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ओरडतील, नाहीतर विसरून चहा मागतील. दोन्ही चाललं असतं. पण ह्यांनी पेन उचललं आणि लिहिलं. अक्षर पूर्वीसारखंच, टपोरं. ‘कारण : चालक रस्ता विसरतो.’ खाली देणाऱ्याची सही केली. हात जरा सुद्धा हलला नाही. घेणाऱ्याच्या रकान्यात मी सही केली, तिच्यावर मात्र माझ्या डोळ्यांतलं पाणी पडलं आणि शाई फुटली. “दुसरी कर,” म्हणाले, “कागद स्वच्छ पाहिजे.”

“मुदत?” ह्यांनी विचारलं.

“किती दिवस लागतील मला माहीत नाही हो.”

“मग काम संपेपर्यंत, असं लिहितात.” आणि तसं लिहिलं.

आम्ही दोघं पोर्चमध्ये गेलो. कव्हर काढलं, बॉनेट उघडलं. पाना ह्यांनी माझ्या हातात दिला नाही, स्वतः लावला. आधी बॉडीची वायर सोडली, मग दुसरी. दोन्ही टोकं माझ्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यात वेगवेगळी बांधली, गाठ ओढून पाहिली. पुठ्ठ्यावर लाल खडूने मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘माणूस काम करीत आहे. चालू करू नये. लाइन क्लिअर : उज्वला.’ तो पुठ्ठा बॅटरीला सुतळीने बांधला. बॉनेट लावायच्या आधी हात आत घालून एकदा इंजिनवरून फिरवला. मी तिकडे पाठ केली. नवऱ्याने सवतीचा निरोप घेताना बायकोने बघू नये एवढी रीत मला कळते.

मग डायरीचं पान फाडून ह्यांनी माझ्या हातात दिलं.

“हे आता तुझ्यापाशी. मी उद्या विसरणार, उज्वला. मी येईन, मागीन, ओरडीन, काय काय बोलंन. द्यायचं नाय.”

“नाही देणार.”

“मी रडलो तरी नाय.”

मी नुसती मान हलवली आणि ह्यांचा हात धरला, भर पोर्चमध्ये, समोरच्या बाई गच्चीत कपडे वाळत घालत असताना. चव्वेचाळीस वर्षांत आम्ही असलं काही केलं नव्हतं. ह्यांनीही सोडवून घेतला नाही.

आज सकाळी मी पोळ्या लाटत होते. बॉनेट उघडल्याचा आवाज आला. लाटणं हातातच राहिलं. आता जोडतील, मनात म्हटलं, जोडतील आणि मला फाटकाशी धावावं लागेल. गॅस बंद केला, पदर खोचला. पण इंजिनचा आवाज येईना. मग बॉनेट सावकाश लावल्याचा आवाज आला, आणि पाना हातात घेऊन हे स्वयंपाकघराच्या दारात आले.

माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत मी नव्हते. ती सकाळ अक्काची होती.

“अक्का,” हे हळूच म्हणाले, कोणी ऐकेल की काय अशा आवाजात, “गाडीजवळ कोणाला जाऊ देऊ नको.”

“का रे सोमा?”

ह्यांनी पाना ओट्यावर ठेवला, माझ्यापासून लांब.

“आमची उज्वला वर हाय अजून.”